पांडाचा दात

नेपरव्हिलमध्ये एका पिझ्झाच्या दुकानाला आणि एका नेल सलॉनला खेटून डॉक्टर सुनेत्रा पांढरीपांडे हिचं दातांचं क्लिनिक आहे. दारावर नुसतं ‘डॉ. पी’ लिहिलंय. पूर्ण आडनाव घालायचं तर पाटी पिझ्झावाल्याच्या भिंतीवर गेली असती.

सुनेत्रा मूळची नागपूरची. तिकडे डेंटिस्ट झाली, लग्न करून शशिकांतबरोबर अमेरिकेत आली आणि आल्यावर कळलं, की तिची डिग्री इकडच्या दातांना चालत नाही. मग पुन्हा परीक्षा, पुन्हा कॉलेज, वर्गात तिच्याहून दहा-दहा वर्षांनी लहान पोरं, आणि घरी रांगणारा देवांग. ते दिवस तिने कसे काढले हे तिलाच ठाऊक. पण काढले. आणि एकदा स्वतःची खुर्ची, स्वतःचा दिवा आणि स्वतःचं ड्रिल हातात आलं, तसा तिच्या आवाजाला एक धार आली. ‘ओपन वाइड’ म्हटलं की पोलीस असो, वकील असो, मुकाट्याने आ करायचा.

देवांग हा तिचा एकुलता एक मुलगा आणि क्लिनिकची जाहिरातही. वेटिंग रूममध्ये त्याचा सातवीतला फोटो होता. रांगेत उभे केल्यासारखे पांढरेशुभ्र दात. पेशंट मुलांच्या आया त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत, “असे हवेत!” त्या दातांमागे काय तपश्चर्या होती हे देवांगलाच विचारावं. चॉकलेट फक्त शनिवारी. हॅलोवीनला इतर मुलं पिशवीभर गोळ्या घेऊन घरी जायची. देवांगची पिशवी दारातच जप्त व्हायची आणि बदल्यात हातात गाजर यायचं.

अशा बाईच्या पोराला आइस हॉकीचं वेड लागावं!

सहा वर्षांचा असताना तो कुणाच्या तरी वाढदिवसाला रिंकवर गेला आणि बर्फावरून उतरेचना. सुनेत्राने त्याला तबल्याच्या क्लासला घातलं. महिन्याभरात तबल्याचे सर म्हणाले, “लय चांगली आहे हो त्याची, पण डग्ग्याला धक्का मारून पुढे ढकलतो.” शेवटी शशिकांतने मुलाची बाजू घेतली. शशिकांत आयटीतला, मवाळ माणूस. बायकोशी वाद घालायचा तर तो आधी पॉवरपॉइंट करायचा. याही वेळी केला. त्यातल्या एका स्लाइडवर हेल्मेटच्या पुढची जाळी होती: कपाळापासून हनुवटीपर्यंत लोखंडी, आणि कॉलेज संपेपर्यंत सगळ्यांना सक्तीची. सुनेत्राने दुकानात जाऊन ते हेल्मेट स्वतःच्या डोक्यावर चढवलं, शशिकांतला म्हणाली, “मारा बरं चमच्याने,” आणि शशिकांतने जीव मुठीत धरून दोन-चार टोले दिल्यावरच तिने परवानगी दिली. वर स्वतःच्या हाताने दातांचं कवच करून दिलं. माउथगार्ड म्हणतात त्याला. पुढे कॉलेजात तर ती सगळ्या टीमलाच माउथगार्ड करून द्यायला लागली, टीमच्या हिरव्या रंगात.

कॉलेज म्हणजे विस्कॉन्सिनमधलं हॅलवर्सन कॉलेज. घरापासून गाडीने अडीच तासांवर, गाव एवढंसं, पण हॉकीची मॅच असली की चर्चपेक्षा रिंकवर गर्दी जास्त. तिथल्या अनाउन्सरला ‘पांढरीपांडे’ काही जमेना. पहिल्या मॅचला त्याने जीव तोडून प्रयत्न केला आणि मधेच श्वास घ्यायला थांबला. दुसऱ्या मॅचपासून देवांगचा ‘पांडा’ झाला. पुढच्या वर्षी पोरं-पोरी पांडाचे कान असलेल्या टोप्या घालून यायला लागली.

“आपण काय झूमध्ये आलोय का?” सुनेत्रा म्हणाली. “तुमच्या आजोबांनी वऱ्हाडात एवढं नाव कमावलं आणि इथे त्याचं अस्वल झालं.”

“पण बघ ना, किती प्रेमाने म्हणतात,” शशिकांत म्हणाला. त्याने स्वतःसाठी तशी टोपी आधीच ऑर्डर केली होती.

सुनेत्रा एकही घरची मॅच चुकवायची नाही. पण तिने मॅच पाहिली असं म्हणणं धाडसाचं ठरेल. पक, म्हणजे ती रबराची काळी चकती, देवांगच्या जवळ आली की ती डोळे गच्च मिटून घ्यायची. गोल झाला की लोकांच्या ओरडण्यावरून समजायचं. मग डोळे उघडून आधी ती पोराचा जबडा बघायची आणि मग स्कोअरबोर्ड.

देवांगच्या शेवटच्या वर्षी मात्र घरात एकच विषय. गोल मारला की एक पॉइंट आणि ज्याच्या पासवर गोल झाला त्यालाही एक पॉइंट, असा हिशेब असतो. चार वर्षांत शंभर पॉइंट करणारे हॅलवर्सनच्या इतिहासात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांची नावं रिंकच्या भिंतीवर रंगवलेली. देवांग धडाधड पॉइंट करत फेब्रुवारीत नव्याण्णववर आला, आणि अडकला.

एक मॅच गेली, दुसरी गेली, तिसरीही गेली. शॉट गोलच्या खांबाला लागायचे. त्याच्या सुरेख पासवर सहकारी रिकाम्या गोलसमोर चेंडू फेकल्यासारखा पक प्रेक्षकांत मारायचे. शशिकांतने मोठ्या पुठ्ठ्यावर ‘१००’ असं रंगवून ठेवलं होतं. तो पुठ्ठा दर मॅचला सीटखाली दडवून न्यायचा आणि तसाच परत आणायचा. एकदा त्यावर कुणाची तरी कॉफीही सांडली.

नागपूरहून सुनेत्राचा भाऊ मनोहर याचा फोन आला. मनोहरमामाला आइस हॉकीतलं ओ का ठो कळत नव्हतं. पण नव्याण्णव म्हटल्यावर त्याचा जीव कासावीस झाला.

“नव्याण्णववर किती वेळ झाला त्याला?”

“दोन आठवडे, दादा.”

“दोन आठवडे! काय बाप्पा! अगं, मग सांग त्याला, मोठे फटके नको मारू म्हणावं. गुपचूप एक सिंगल काढ.”

“दादा, यात सिंगल नसतो.”

“म्हणजे काय! असा कसा खेळ?” मामाने फोन ठेवला तो नाराज होऊनच. पण त्या दिवसापासून त्याने चहात साखर घेणं बंद केलं, भाच्याचा शंभर होईपर्यंत. मामी म्हणाली, “होऊच नये शंभर, यांची शुगर कमी होतेय.”

मार्चमध्ये कॉन्फरन्सची फायनल आली. कॉन्फरन्स म्हणजे आसपासच्या कॉलेजांची स्पर्धा. शनिवारी दुपारी, हॅलवर्सनच्याच रिंकवर. बाहेर बर्फाचे ढीग, आत पांडाच्या टोप्याच टोप्या. तीन पिरियड संपले तरी दोन-दोन अशी बरोबरी. ओव्हरटाइम. आता जो पहिला गोल मारील तो जिंकेल.

सुनेत्राने ओव्हरटाइम सुरू झाल्यापासूनच डोळे मिटले होते. शशिकांतने तिच्या हातात हात दिला. तिने तो इतका दाबला, की पुढे दोन दिवस त्याला माउस धरता येत नव्हता. बर्फावर ब्लेडची खरखर झाली, लाकडावर काहीतरी आपटलं, क्षणभर सगळं शांत. मग छप्पर उडेल असा आरडाओरडा.

“झाला! अगं झाला! शंभर! जिंकलो!” शशिकांत सीटखाली वाकून पुठ्ठा ओढायला लागला.

सुनेत्राने डोळे उघडले आणि सवयीने आधी पोराचा जबडा पाहिला. खालच्या कोपऱ्यात, समोरच्या टीमच्या गोलशेजारी, देवांग दोन्ही हात पसरून उभा होता. हेल्मेट काढून त्याने हवेत फेकलं होतं. ग्लोव्हज फेकले होते. तिचं हिरवं माउथगार्ड थुंकून टाकलं होतं. पंधरा वर्षांत कधी एवढ्या मोठ्याने हसला नसेल. सगळे दात दिसत होते.

“जाळी,” सुनेत्रा पुटपुटली. “अरे, जाळी घाल.”

तेवढ्यात रिंकच्या दुसऱ्या टोकाहून हॅलवर्सनचा गोलकीपर निघाला होता. त्याचं नाव ऑली. मिनेसोटाचा, साडेसहा फूट, पायांना गाद्या बांधलेल्या, तोंडावर मुखवटा तसाच. अख्खा रिंक पार करून तो आला आणि आनंदाच्या भरात देवांगवर त्याने झेपच घेतली. बाकीचे सगळे त्यांच्यावर पडले. त्या ढिगातून काहीतरी पांढरं, तांदळाच्या मोठ्या दाण्यासारखं, उडालं आणि बर्फावरून घसरत गेलं.

अख्ख्या रिंकमध्ये ते फक्त एका बाईने पाहिलं.

शशिकांत पुठ्ठा उंच धरून नाचत होता. पुठ्ठा उलटा होता आणि कॅमेऱ्यावर ‘००१’ दिसत होतं. शेजारची सीट रिकामी झालेली त्याला कळलंही नाही. सुनेत्रा पायऱ्या उतरून, बँडवाल्या पोरांच्या मधून, ट्रॉफीचं टेबल घेऊन चाललेल्या दोन साहेबांना बाजूला सारून, खेळाडूंच्या बाकाजवळच्या दारातून थेट बर्फावर. दोन पावलं गेली आणि आडवी झाली. तशीच गुडघ्यांवर उठली आणि ओरडली,

“थांबा! कोणी हलायचं नाही!”

आपण मराठीत ओरडलो हे तिच्या लक्षात आलं. मग तिने क्लिनिकातला आवाज काढला.

“नोबडी मूव्ह!”

बँड थांबला. ढिगातले खेळाडू ढिगातच थिजले. हरलेली टीम रडत होती, ती रडायची थांबली. एक पोरगा एका पायावर होता, तो तसाच राहिला. बर्फ साफ करणारं मोठं यंत्र दारात घरघरत होतं. तिने नुसतं बोट दाखवलं आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

“माय सन्स टूथ,” ती म्हणाली. “फ्रंट वन. इट इज ऑन द आइस.”

ढिगाखालून देवांग बाहेर आला. ओठातून रक्त, आणि पुढच्या दातांच्या रांगेत एक काळी खिडकी. “आई,” तो म्हणाला, “प्लीज. नॉट हिअर. एव्हरीवन इज वॉचिंग.” पण ‘प्लीज’मधल्या एसला आता शिट्टी वाजत होती. आपली शिट्टी ऐकून तोच दचकला.

“गप्प बस आणि हा रुमाल धर.”

मग जे झालं ते त्या गावाने आधी कधी पाहिलं नव्हतं. फुगीर काळा कोट घातलेली एक बाई बर्फावर रांगत होती. तिच्या एका बाजूला रेफरी रांगत होता, दुसऱ्या बाजूला कोच. सुनेत्राने आयुष्यभर ज्या पांढरेपणासाठी पोराला गाजरं चारली, तो पांढरेपणा आता असा आडवा आला होता. पांढऱ्या बर्फावर पांढरा दात. थोडा चहा पिऊ दिला असता तर सापडला असता, असंही तिच्या मनात येऊन गेलं. ऑली मुखवटा हातात घेऊन उभा होता आणि हुंदके देत ‘सॉरी डॉक्टर पी, सॉरी डॉक्टर पी’ एवढंच म्हणत होता.

“वेळ जातोय,” ती स्वतःशी म्हणाली. निघालेला दात जितक्या लवकर परत बसेल तितकी तो जगण्याची आशा जास्त. हे ती रोज पेशंटना सांगायची.

तेव्हा समोरच्या टीमच्या गोलकीपरने हात वर केला. त्याच्यावरच देवांगने गोल मारला होता. बिचारा तेव्हापासून गोलसमोर मान खाली घालून बसला होता. सगळ्या रिंकमध्ये खाली बघत बसलेला तोच एक. शाळेतल्या मुलाने बाईंना विचारावं तसं त्याने विचारलं,

“मॅम? इज धिस युअर्स?”

दात गोलच्या जाळीत होता. घसरत घसरत, त्याच्या पायांमधून, थेट आत.

“डोन्ट टच द रूट!” सुनेत्रा किंचाळली आणि रांगतच तिकडे गेली. चिमटीत वरच्या बाजूने दात उचलून तिने उजेडात धरला. अखंड होता. तिने त्या परक्या पोराच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, “गुड बॉय.” तो पुन्हा रडायला लागला.

तोवर शशिकांत कसाबसा खाली पोचला होता. डोक्यावर पांडाची टोपी, हातात पुठ्ठा. “सापडला? कुठे होता?”

“गोलमध्ये.”

“म्हणजे एकशे एक?” तो बोलून गेला. बायकोचा चेहरा पाहून त्याने पुठ्ठ्याआड तोंड लपवलं.

बाकावर देवांगला बसवलं. टीमच्या ट्रेनरकडे सलाइनची बाटली होती, ग्लोव्हज होते. शशिकांतने मोबाइलचा टॉर्च धरायचा होता; रक्त पाहून त्याचा हात असा थरथरायला लागला, की शेवटी टॉर्च रेफरीने धरला आणि शशिकांतला कोचने.

“आ कर.”

“आई, इथे नको ना...”

“देवांग. ओपन वाइड.”

त्याने आ केला. शेजारी ऑलीनेही केला, नुसत्या आवाजाने. सुनेत्राने दात धुतला, खाचेत टेकवला, सरळ आहे ना ते बघितलं आणि अंगठ्याने सावकाश, ठाम दाबला. देवांगच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं. दात आपल्या जागी बसला. कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्या रिंकने वाजवली. जिंकलेल्यांनी, हरलेल्यांनी, यंत्राच्या ड्रायव्हरनेसुद्धा.

“आता गॉझ चावून धर. बोलायचं नाही, हसायचं नाही,” ती म्हणाली. “ट्रॉफीचा मुका घ्यायचा नाही.”

त्यामुळे हॅलवर्सनच्या ऑफिसात जो विजेत्यांचा फोटो आहे, त्यात बाकी सगळी पोरं खिदळताहेत आणि मधोमध ट्रॉफी धरलेला कॅप्टन देवांग कुणाच्या तरी तेराव्याला आल्यासारखा ओठ मिटून उभा आहे.

तिथून तडक नेपरव्हिल. दाताला तारेचा आधार देणं बाकी होतं आणि ते काम तिला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं नव्हतं. शशिकांत गाडी चालवत होता. हायवेला लागल्यावर सुनेत्राने आपले हात मांडीवर पाहिले. ते कापत होते. रांगताना कापले नाहीत, दात बसवताना कापले नाहीत, आता थांबेनात. तिने ते कोटाच्या खिशात घातले. मागच्या सीटवर देवांगला ते दिसलं. त्याने पुढे वाकून तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. “हनुवटी उचल, दाताला हादरा बसेल,” ती थोड्या वेळाने म्हणाली.

क्लिनिक शनिवारचं बंद होतं. दिवे लावले, खुर्ची मागे झुकवली. वेटिंग रूममधल्या फोटोकडे तिघांपैकी कुणीही बघितलं नाही. देवांगच्या तोंडात कापूस, नळी, आरसा. तार बसवता बसवता सुनेत्रा हळूच म्हणाली,

“मी गोल बघितलाच नाही रे. डोळे मिटले होते.”

देवांगने डोळे मोठे केले. मग दोन्ही हात वर करून तो सांगायला लागला. “आऽ आऽ ओऽ हाऽ लेऽ, आऽ इऽ गेऽ आऽ...”

“काय म्हणतोय?” शशिकांत दारातून म्हणाला. “दुखतंय का त्याला?”

“नाही हो,” सुनेत्रा म्हणाली. “पक डाव्या कोपऱ्यात होता म्हणतोय. त्यांचे दोघं अंगावर आले.”

वीस वर्षं तोंडात कापूस भरलेल्या माणसांच्या गप्पा तिने ऐकल्या होत्या. घटस्फोट ऐकले, बॉसला घातलेल्या शिव्या ऐकल्या, एकदा एका म्हाताऱ्याचं अख्खं लष्करातलं आयुष्य ऐकलं. ही भाषा तिला पाठ होती.

“ओऽ आऽ हेऽ, आऽ उऽ ऑऽ इऽ पाऽ...”

“ऑलीच्याच लांब पासवर हल्ला सुरू झाला होता! अरे वा. मग?”

“आऽ हेऽ इऽ, उऽ आऽ याऽ!”

“मारायचं नाटक केलं. गोलकीपर खाली बसला. मग वरून उचलून टाकला.” तिचे हात आता स्थिर होते. “हळू, जीभ आत घे. मग काय झालं?”

देवांगने डोळे मिटले, दोन्ही हात पसरले आणि घशातून एक लांबलचक आवाज काढला. त्याचा अर्थ शशिकांतलाही कळला.

“पुन्हा सांग,” सुनेत्रा म्हणाली. “पास कुठून आला तिथपासून.”

त्याने पुन्हा सांगितलं. या खेपेला तिने मधे मधे प्रश्नही विचारले.

पुढच्या आठवड्यात राष्ट्रीय स्पर्धेची पहिली फेरी होती. कोचने घाबरत घाबरत फोन केला. खेळाडूचा नव्हे, त्याच्या आईचा होकार घ्यायला. सुनेत्राने तारेवरून बसेल असं जाडजूड माउथगार्ड केलं आणि मगच हो म्हटलं. टीम चार गोलने हरली. दात मात्र शाबूत राहिला. नागपुरात मनोहरमामाने साखर केव्हाच सुरू केली होती. शंभराची बातमी कळली त्या संध्याकाळी त्याने एका बैठकीत चार संत्रा बर्फी खाल्ल्या. सुनेत्राचा बर्फावर रांगतानाचा व्हिडिओ मात्र त्याने सगळ्या नातेवाइकांना पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आमची सुनेत्रा फील्डिंग करताना.’

त्यानंतरच्या रविवारी दुपारी कॉलेजात हंगामाचं मानसन्मानाचं जेवण होतं. पांढरे टेबलक्लॉथ, चिकन, चीजकेक. देवांगपुढे सूप आणि कुस्करलेला बटाटा. सुनेत्राने मोरपंखी पैठणी नेसली होती. हॉलमध्ये येणारा जो तो तिच्याशी हात मिळवत होता आणि बोलताना नकळत तोंडावर हात धरत होता, न जाणो काही दिसलं तर.

एकेक सन्मान जाहीर झाला. देवांगचं नाव कॉन्फरन्सच्या पहिल्या संघात आलं. स्पर्धेतल्या बारा-तेरा कॉलेजांमधून निवडलेल्या मोजक्या पोरांमध्ये. शंभर पॉइंटवाल्यांच्या भिंतीवर त्याचं नाव रंगवायचं ठरलं होतं. रंगाऱ्याने आडनावाची लांबी पाहून जागा आधीच मोजून नेली होती. देवांग स्टेजवर गेला. कोचने त्याच्या हातात नाव कोरलेली लाकडी फळी दिली, फोटोग्राफर पुढे सरसावला.

“बिग स्माइल, पांडा!”

देवांगने ओठ मिटलेलेच ठेवले आणि टेबलाकडे पाहिलं. पाठोपाठ अख्ख्या हॉलने त्या टेबलाकडे पाहिलं. कोचनेही पाहिलं.

सुनेत्राने चष्मा वर केला, दुरून त्याच्या जबड्याचा अंदाज घेतला आणि मान हलवली.

“हस,” ती मराठीतच म्हणाली. “सावकाश हस.”

तो हसला. फ्लॅशमध्ये तार लखकन चमकली. शशिकांत उभा राहून टाळ्या पिटत होता. सुनेत्रा मात्र बसूनच, एकही क्षण डोळे न मिटता, पोराकडे बघत राहिली. मग शेजारी बसलेल्या ऑलीने हळूच चीजकेकची प्लेट तिच्याकडे सरकवली आणि हे खाल्लं तर चालेल का, असं विचारलं. “खा,” ती म्हणाली, “पण नंतर चूळ भर.”